आधी हाक मारायची

४ मार्च

प्रिय चिंगे,

फोन का करत नाही असं विचारू नकोस. दोन खोल्यांचं घर, मधली भिंत कागदासारखी, आणि ह्यांचे शब्द हरवले असले तरी कान शाबूत आहेत. मी स्वयंपाकघरात हळू बोलायला लागले की आतून लगेच हाक येते, "कोण? माझं काय?" म्हणून कागद घेऊन बसलेय. शाळेच्या गणवेशांचा ढीग मशीनशेजारी पडलाय, पण आज मशीन चालवली तर सुई बोटातूनच जाईल, इतका राग आलाय.

ह्यांच्या डोक्यातली गाठ परत आली. जुन्या जागेच्या अगदी कडेला, लिंबाच्या बीएवढी. मागच्या वेळी ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "दिसत होती तेवढी सगळी काढली." मी "सगळी" धरून बसले. त्यांचं सगळं वजन "दिसत होती तेवढी"वर होतं, हे मला आज कळतंय. मग रेडिएशन झालं, गोळ्या झाल्या. ह्यांनी एक गोळी चुकवली नाही. आणि आता तेच डॉक्टर म्हणतात, "अशा गाठी परत येतात." अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत? विचारलं तर ताकास तूर लागू देत नाहीत. ह्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. एकदा केलेली लिफ्ट पुन्हा तिथेच बंद पडली तर हे सुट्टीच्या दिवशीही मान खाली घालून जायचे. डॉक्टरांची मान काही खाली गेली नाही.

बोलण्याचं म्हणशील तर चमच्याला "बटण" म्हणतात आणि उशीला "दरवाजा". काल म्हणाले, "दरवाजा जरा वर कर." मी खिडकी पाहिली, कपाट पाहिलं, बाहेरचं दार उघडून बंद केलं. हे आपले मान दाखवताहेत. शेवटी दोघंही हसलो, आणि मग मी मोरीत जाऊन रडले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा ऑपरेशन. काढलेला तुकडा संशोधनाला द्याल का, असं विचारलं. हे म्हणाले, "मेहुणीकडे?" आणि सहीखाली स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात "मेहुणीकडे पाठवा" असं लिहून मोकळे झाले. वर मला म्हणतात, "माझ्या डोक्यातलं काहीतरी तिला पटलं पाहिजे एकदा."

तू इतकी वर्षं ह्याच गाठींवर डोकं फोडते आहेस. मग मला एकदाच सरळ सांग. सगळी काढली तर ती परत येते कुठून?

तुझी,
ताई


२५ मार्च

प्रिय ताई,

ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जरा जीवात जीव आला. तुकडा पोचला. आमच्याकडे कुणाची गाठ आहे हे आम्हाला कळू नये असा नियम आहे. "मेहुणीकडे पाठवा" वाचून आमच्या प्रमुख बाईंनी कपाळावर हात मारला. मग वरच्यांची परवानगी काढली आणि मला म्हणाल्या, "कर तू. पण रडत करायचं नाही."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. बहुतेक नुसती गर्दी असते. ती भराभर वाढते आणि औषधाने मरतेही. पण त्या गर्दीत थोड्या, फार थोड्या, वेगळ्या असतात. त्यांना आम्ही मूळ पेशी म्हणतो. त्या संथ असतात, कधी कधी झोपूनच राहतात. गोळ्या धावणाऱ्यांना पकडतात, झोपलेल्यांना ओलांडून जातात. रेडिएशनने मोडतोड झाली तर त्या आपली आपण डागडुजी करतात. शिवाय गाठीबाहेरच्या चांगल्या मेंदूत सरकून बसतात. तिथे चाकू नेला तर माणसाचं उरलंसुरलं बोलणंही जाईल. पुढे सगळं शांत झालं की त्यातली एखादी उठते आणि पुन्हा पहिल्यासारखी गर्दी तयार करते. हरळी वरून कितीही कापली तरी मुळाचा तुकडा मातीत राहिला की झालं, तसंच. तुझे डॉक्टर खोटं बोलले नाहीत गं. अर्धं बोलले.

तुला राग येतो तसा मलाही येतो. मी रोज सकाळी ह्याच पेशींना उबेत ठेवते, खायला घालते, त्यांचे गोळे वाढले की खूश होते. काय धंदा आहे हा! त्यांचं खाणंही वेगळं. साध्या पेशींच्या खाण्यात सीरम असतं, रक्तातला एक भाग. तेच मूळ पेशींना घातलं की त्या मूळ राहतच नाहीत, संसारी होतात, साध्या पेशी बनतात. मग त्यांच्यावर केलेला प्रयोग फुकट. म्हणून त्यांची बाटली वेगळी, फळी वेगळी.

भावोजींच्या पेशी छान वाढताहेत. "छान" लिहिलं आणि हात थांबला, पण दुसरा शब्द सापडत नाही.

बाईंचं एक औषध आहे. ते झोपलेल्या मूळ पेशींना गाठून मारतं. काहींच्या पेशींवर चालतं, काहींच्या पेशी ढिम्म हलत नाहीत. लांबच्या मोठ्या इस्पितळात त्याची माणसांवर चाचणी सुरू झाली आहे. मी ते भावोजींच्या पेशींवर लावून बघणार आहे. पण तू लगेच आशा लावून बसू नकोस.

तुझी,
चिंगी


२ एप्रिल

प्रिय चिंगे,

"आशा लावून बसू नकोस" म्हणे. मग काय लावून बसू? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

हे तुझी वाट बघताहेत. डोक्याला पट्टी, डावीकडचे केस गेलेले, तरी रोज दाढी करून बसतात, मेहुणी येणार म्हणून. मी विचारलं, "ती येणार असं कुणी सांगितलं?" तर म्हणाले, "येईल. तिच्याकडे माझा तुकडा आहे." तू मात्र येत नाहीस, कारण तुझ्या पेशी उपाशी राहतील. ज्याच्या डोक्यातून त्या निघाल्या तो माणूस इथे बसलाय, आणि तू त्याच्या गाठीला भरवत बसलीयस! तुझ्या शेजारच्या टेबलावरची ती मैत्रीण नाही का? चार दिवस तिला सांग.

परवाची गंमत सांगते. आमच्या इमारतीची लिफ्ट मधेच अडकली. आत तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई. त्या किंचाळताहेत, खाली रखवालदार कंपनीला फोन लावतोय. हे घरातल्या कपड्यांवर उठले आणि माझं न ऐकता जिन्यात जाऊन बसले. लिफ्टला "लिफ्ट" म्हणता येईना, बाईंचं नाव येईना. तरी ओरडून सांगितलं, "मी आहे! इथेच आहे!" त्यांनी विचारलं, "किती वेळ लागेल?" हे म्हणाले, "माहीत नाही. पण मी आहे." कंपनीची माणसं येईपर्यंत तसेच बसून होते, हातात एक हत्यार नाही. परत आल्यावर मी चिडले तर मलाच शिकवायला लागले. आधी हाक मारायची, म्हणे. पेटी नंतर उघडायची. आणि पाच मिनिटं असं कधी सांगायचं नाही, कारण आतला माणूस पाच मिनिटं मोजतो. इतकं लांब वाक्य ते कित्येक दिवसांनी बोलले.

तर तू ये. पेटी राहू दे.

ताई


१९ एप्रिल

ताई, ताई,

मेल्या! सगळ्या मेल्या!

आधी नीट सांगते. मी तुमच्याकडे होते तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने माझ्या यादीप्रमाणे पेशी बारीक खणांच्या बशीत मांडून ठेवल्या होत्या, खायला घातलं होतं. आल्या आल्या मी औषध लावलं. काल मोजणी केली. पहिला खण रिकामा, दुसरा रिकामा. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसऱ्या यंत्रावर मोजलं. भावोजींच्या पेशी, ज्या रेडिएशनला दाद देत नाहीत, गोळ्यांना देत नाहीत, त्या ह्या औषधाने पार संपल्या. मी बाईंच्या खोलीत धावत गेले, वाटेत कुणाच्या तरी चहाला धक्का लागला. बाई म्हणाल्या, "पुन्हा करून बघ." त्यांना सगळंच पुन्हा करून हवं असतं.

म्हणजे चाचणीसाठी भावोजींचा विचार करायला हरकत नाही. बशी म्हणजे डोकं नव्हे, हे मला लिहायलाच हवं, ते लिहिते. पण ताई, इतकी वर्षं ह्या पेशींनी मला रडवलंय. आज पहिल्यांदा मी त्यांना हरताना पाहिलं, आणि त्याही आपल्या माणसाच्या.

तुमच्याकडचे ते चार दिवस मला फार हवे होते. भावोजींनी निघताना मला "पाना" म्हणून हाक मारली. मला वाटतं ते कौतुक होतं.

चिंगी


२६ एप्रिल

माझी गुणाची चिंगी,

तुझं पत्र मी ओट्यापाशी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं. बशीबिशीचं वाक्य सोडून. तू ते लिहायचं म्हणून लिहिलंयस हे मला कळत नाही का?

सगळं ठरवलं. इथल्या डॉक्टरांनी कागद पाठवले, त्या लांबच्या इस्पितळाने होकार दिला. पंधरा मेला निघायचं. सध्याच्या गोळ्या बंद करायच्या आणि तिथेच पाहुण्यांच्या खोलीत राहायचं, निदान तीन महिने. डॉक्टर म्हणाले, घरीही ठेवता येईल, दुखणार नाही एवढं आपण बघू, आहे तो वेळ बरा जाईल. मी म्हटलं, आहे तो वेळ तुमच्यापाशी ठेवा.

हे काय म्हणाले विचारशील. तयार आहेत. आपली हत्यारांची पेटी त्यांनी जुन्या जोडीदाराला देऊन टाकली. मी म्हटलं, परत आल्यावर लागेल की. तर हसले नुसते. बरं वाटतंय त्यांना.

गणवेशांचं काम मी दुसरीला दिलं. आता माझं एकच काम.

तुझी,
ताई


९ मे

प्रिय ताई,

थोडं घाईत लिहितेय. तुमचं निघणं आठवडाभर पुढे ढकलता येईल का? इथे काही गोष्टी मला पुन्हा तपासायच्या आहेत. विशेष काही नाही. प्रवासाची दगदग भावोजींना झेपेल का, हाही प्रश्न आहेच. डॉक्टरांना एकदा विचारून बघ ना.

तब्येतीला जप.

चिंगी


२५ मे

चिंगे,

तुझी ती चिठ्ठी निघायच्या आदल्या दिवशी मिळाली. वाचली आणि पर्समध्ये कोंबली. आधी हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि मग खालून म्हणायचं, जरा थांबतेस का. दगदगीची काळजी तुला आत्ता सुचली? तुझ्या बाईंना सगळं दहा वेळा करून हवं असतं, आणि तू त्यांचंच ऐकत आलीस जन्मभर. इथे दहा वेळा करायला वेळ नाही.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. लोखंडी पलंग, भिंतीत न उघडणारी खिडकी, वरच्या जाळीतून सतत गार वारा. हे जाळीकडे बघत असतात. दहा दिवस... नाही, मोजणार नाही. औषध सुरू झाल्यापासून ह्यांच्या पोटात काही ठरत नाही. उभं राहायला गेले की गुडघे वाकतात. काल त्यांना माझं नाव आठवेना. माझ्याकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "तू. तू." मी म्हटलं, हो, मीच.

नर्स विचारते, त्रास फार होतोय, चालू ठेवायचं का? मी सांगितलं, माझ्या बहिणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी सहन करावं म्हणून मी त्यांना रोज हेच सांगते. चिंगीने पाहिलंय. सगळ्या मेल्या.

परवा फोन केलास तेव्हा मी त्यांच्या कानाला लावला. ते "मेहुणीबाई, तुझ्यावर आहे सगळं" म्हणाले, आणि तू फोन ठेवलास. असं करतात का?

ताई


३ जून

ताई,

हे पत्र वाचताना भावोजी समोर असतील तर आधी बाहेर ये.

एप्रिलमधला माझा प्रयोग खोटा होता.

मी पुन्हा केला तेव्हा पेशी मेल्या नाहीत. औषध दुप्पट केलं, तरी नाही. तिसऱ्यांदा केला, तरी त्या आपल्या गोळे करून तरंगताहेत. माझं डोकं फिरायची वेळ आली. मग मी मैत्रिणीला विचारलं, तू तेव्हा कुठल्या बाटलीतलं खाणं घातलंस? तिने साध्या फळीकडे बोट दाखवलं. माझी बाटली संपत आली होती, तिला पेशी मरगळलेल्या वाटल्या, म्हणून तिने आपल्या बाटलीतलं चांगलं सीरमचं खाणं घातलं. तिला वाटलं, ती माझ्या पेशींचे लाड करतेय. ती साध्या पेशींवर काम करते, तिच्या हाताला तीच सवय.

म्हणजे मी औषध लावलं तेव्हा त्या मूळ पेशी राहिल्याच नव्हत्या. त्यांच्या साध्या पेशी झाल्या होत्या. साध्या पेशी कशानेही मरतात. मी गर्दी मारली आणि मूळ मेलं म्हणून नाचले.

सगळा दोष तिच्यावर टाकून मी सुटणार नाही. औषध लावण्याआधी मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं. पेशी तळाला चिकटून पसरल्या होत्या. मूळ पेशी अशा पसरत नाहीत, हे मला झोपेतही सांगता येईल. मी पाहिलं आणि पुढे गेले, कारण मला पुढे जायचं होतं.

हे मला सात मेला कळलं. तुम्ही निघायच्या आधी. मी ती भित्री चिठ्ठी लिहिली आणि मग मिठाची गुळणी धरून बसले. मनाशी म्हणत होते, आणखी एकदा करून बघू, कदाचित हेच खोटं ठरेल. फोन केला तो सांगायलाच केला होता. तू भावोजींना दिलास.

औषध माणसाच्या शरीरात चालेल की नाही, हे मला खात्रीने सांगता येत नाही. बशी म्हणजे डोकं नव्हे, हे उलट बाजूनेही खरं आहे. पण ज्या भरवशावर तू त्यांना तिथे नेलंस, तो भरवसा आता नाही. तिथल्या डॉक्टरांना मी सगळं कळवलं आहे. पुढे काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. माझ्यावर काय ओरडायचं ते ओरड. नाही ओरडलीस तर जास्त भीती वाटेल.

चिंगी


१२ जून

मेहुणीबाई,

मी लिहितोय. तुझी ताई लिहिणार नाही म्हणते. तुझं पत्र तिने भिंतीवर मारलं, मग उचलून मला वाचून दाखवलं. सगळं. मीच म्हटलं, सगळं वाच, गाळू नको. शब्द सापडत नाही तिथे रेघ मारतो. हे लिहायला तीन दिवस लागले.

मला इथे यायचं नव्हतं. तुझ्या पत्राआधीही नव्हतं. मला घरी, जिन्याजवळच्या खुर्चीत बसायचं होतं, येणारे जाणारे बघत. पण तुझी ताई आत अडकली होती. माझी गाठ परत आली त्या दिवसापासून ती दोन मजल्यांच्या मध्ये. वर जाईना, खाली येईना. तिला एकटीला कसं सोडणार? म्हणून म्हटलं चला. मी आहे. तिला वाटलं ती मला घेऊन आली. राहू दे तसंच, तिला सांगू नको. ——— तिने हे वाचलंच तर वाचू दे.

तू हाक द्यायला उशीर केलास. चुकलीस. हत्यार चुकतं, माणूस घाबरतो, मीही एकदा चुकीची वायर कापली आहे. पण आत माणूस असताना गप्प बसायचं नाही. त्याला अंधारात आपलाच ——— ऐकू येत राहतो. दिलीस शेवटी. बरं झालं.

औषध बंद केलं. कालपासून पोटात अन्न ठरतं. शुक्रवारी घरी जातो. खिडकी उघडते तिथे.

माझ्या त्या तुकड्याची मजा वाटते मला. मी खात नव्हतो आणि तो खात होता.

तुझा,
भावोजी


२८ ऑगस्ट

चिंगे,

हे गेल्यावर तू आलीस, चार दिवस राहिलीस, भांडी घासलीस, मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही. लोकांना वाटलं मी दुःखात आहे. मी रागात होते. अजून आहे.

हे घरी आले आणि खरंच त्या खुर्चीत बसले. दीड महिना. शब्द जवळजवळ संपले, पण लिफ्टचा आवाज आला की मान त्या बाजूला वळायची. शेवटी शेवटी ती शिक्षिकाबाई रोज येऊन जिन्यात बसायची आणि त्यांना म्हणायची, "मी आहे." त्या बाईला बोलायला सुचलं. मी नुसती उशी सारखी करत होते.

मला तुझा राग आहे, डॉक्टरांचा आहे, त्या न उघडणाऱ्या खिडकीचा आहे. सगळ्यात जास्त माझा आहे. बशीचं वाक्य मी गाळलं. तू लिहिलं होतंस, मी वाचलं नाही. पण हे कबूल करून राग कमी होत नाही. तो बसायला जागा शोधत हिंडतो घरभर.

आता ऐक. आज मला एकदम आठवलं. हे गेले, आणि तुझ्या बशीत ते सगळं अजून जिवंत आहे. खातंय. वाढतंय. मला हे सहन होत नाही. ज्यांनी माझा माणूस खाल्ला त्यांना माझी सख्खी बहीण रोज सकाळी भरवते! सही ह्यांची होती, आता हक्क माझा आहे. त्यांना उपाशी मार. सगळ्यांना. आणि मेल्या की कळव.

ताई


५ सप्टेंबर

प्रिय ताई,

तू म्हणशील तसं. अगदी तसंच. एकदा तुझं "हो" आलं की मी बशा बाहेर काढीन आणि बाईंना तोंड देईन. हे मी तुला वळवायला लिहीत नाहीये.

पण आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सगळं लिहिते. भावोजींच्या पेशी हट्टी आहेत. आमच्याकडे इतक्या हट्टी दुसऱ्या नाहीत. आम्ही आजवर केलेलं प्रत्येक औषध त्यांनी परतवलं. बहुतेक गाठींच्या पेशी बशीत काही काळाने बदलतात, खोट्या पडतात. ह्या नाही. एखादं औषध ह्यांच्यापुढे टिकलं तर ते खरं असायची शक्यता जास्त. एप्रिलच्या त्या फजितीनंतर आता प्रत्येक नवीन औषध आधी भावोजींच्या पेशींवर लागतं, असं बाईंनीच ठरवलंय. आत्तापर्यंत सगळी नापास झाली. पालथ्या घड्यावर पाणी. मी रोज हरून घरी जाते.

कधी सापडेल, असं विचारशील तर मला माहीत नाही. वर्षभर, दहा वर्षं, कधीच नाही. मी पाच मिनिटं सांगणार नाही.

त्यांना मी रागाने भरवते, ताई. प्रेमाने नव्हे. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

चिंगी


२१ सप्टेंबर

चिंगे,

तुझं पत्र घेऊन मी दोन दिवस फिरले. मग ह्यांचा जुना जोडीदार आला, पेटी परत द्यायला. म्हणाला, वहिनी, ही मी कशी वापरू, ह्यात सगळी त्यांच्या हाताची हत्यारं आहेत. मी त्याला ओरडले. म्हटलं, वापर! लोक अडकताहेत आणि तू हात जोडून उभा! बिचारा पेटी उचलून गेला. तो गेल्यावर मी खुर्चीत बसले, त्या जिन्याजवळच्या, आणि मला माझंच बोलणं पुन्हा ऐकू आलं.

तुझ्या भावोजींचं ते पत्र मी वाचलं होतं, तू पाठवायला टाकण्याआधीच, हे तुला सांगायचं राहिलं. नाही, तू नव्हे, मी टाकलं ते. बघ, माझंही हल्ली असं होतं. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. मी त्यांना तिथे नेलं असं मला वाटत होतं. ते माझ्यासोबत आले होते. तेव्हापासून हे कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. आता तुला सांगितलं.

त्या पेशींना मारू नकोस. म्हणजे मार, पण उपाशी नको. उपाशी काय, कुणीही मरतं, त्यात शिकण्यासारखं काय आहे? ठेव त्यांना. माझा राग कमी झाला म्हणून नव्हे. उलट, आता त्याला बसायला जागा मिळाली आहे. तुझी ती उबेची पेटी.

माझ्या अटी आहेत. दर महिन्याला मला लिहायचं. औषध नापास झालं तर नापास झालं असं लिहायचं, "विशेष काही नाही" चालणार नाही. ज्या दिवशी त्या खरोखर मरतील त्या दिवशी बाईंच्या खोलीत नंतर धाव, आधी मला हाक मार. अगदी फोन कर. भिंतीपलीकडून ऐकायला आता कुणी नाही.

आणि त्यांना खायला तूच घाल. दुसऱ्या कुणावर सोडू नकोस. इकडे यावंसं वाटलं तर त्यांचं खाणं आटोपून ये, मी थांबेन.

घालताना बाटली बघून घाल.

तुझी,
ताई